निम्म्या टेम्पोचं भाडं

अमेरिकेचं मॉडेल रात्री दहाला उतरतं,
युरोपचं बारा वाजून गेल्यावर.
मधल्या वेळात मी चहा करतो,
उभ्याउभ्या पितो, आणि कळंब्याच्या या दोन खोल्यांतून
गगनबावड्याच्या दिशेला बघतो.
दिसत काही नाही. शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसते.

आज अमेरिका म्हणते, घाटमाथ्यावर दोन दिवसांत तीनशे मिलिमीटर.
युरोप म्हणतो साठ. फार तर सत्तर.
जर्मनांनी सगळा पाऊस उचलून
आजऱ्याला नेऊन ठेवलाय.

मी अकरावीला भूगोल शिकवायचो.
फळ्यावर सह्याद्री काढताना
जोतिबाच्या डोंगराला हमखास एक टेंगूळ जास्त द्यायचो,
पोरं हसायची.
मॉडेलात तेवढंही टेंगूळ नाही.
पंचवीस किलोमीटरचा चौकोन, त्यात पन्हाळा, जोतिबा,
बावड्याचा ऊस, शिरोलीच्या फौंड्र्या
सगळं एकाच उंचीचं,
मिक्सरमधून काढल्यासारखं.
ढगानं अडायचं कुठं?

पाऊणला बाबू अतिग्रेचा फोन.
प्रयाग चिखली. अकरा म्हशी,
त्यातली एक आज-उद्या व्यायला झालेली.
"सर, हलवू का नको? तेवढंच सांगा."

तेवढंच.

गेल्या साली मी म्हणालो होतो, हलव.
रात्रीत टेम्पो ठरवून त्यानं सोनतळीला नेल्या.
पाणी आलं नाही. ऊन पडलं, चक्क ऊन.
जागा बदलली म्हणून म्हशींनी आठवडाभर दूध चोरलं,
टेम्पोवाल्यानं घेतले ते घेतलेच.
तेव्हापासून चिखलीच्या पारावर मी 'ऊनवाले सर'.

त्याच्या आदल्या साली म्हणालो होतो, थांब, बघू.
त्याबद्दल पारावर कुणी काही बोलत नाही.

मी समजावू लागतो:
एकच मॉडेल पन्नासदा चालवतात, बाबू,
दर वेळी सुरुवातीला मुद्दाम चिमूटभर चूक घालून,
मग बघतात कोण कुठं भरकटतंय.
आत्ता पन्नासातले सतरा पुराकडं गेलेत.
तो ऐकतो. मागं कुठलीतरी म्हैस
पत्र्याला शिंग घासत असते.
"सतरा लई का कमी, सर?"

तीस वर्षं मार्क दिले.
सतरा म्हणजे शंभरात चौतीस.
एका मार्कानं नापास.
पण गोठ्यात शिरायला पाण्याला पस्तीस लागत नाहीत.

राजाराम बंधाऱ्याला एकोणतीस फूट,
दुपारपासून काटा हललेला नाही.
"संगमावर काय?" मी विचारतो.
"गढूळ झालंय बघा. आन् लाकडं येत्यात."
"कुठल्या अंगानं?"
"कासारीच्या."

लाकडं कुठल्याच मॉडेलात नसतात.
लाकडं म्हणजे वर कुठंतरी पडून गेलंय,
जिथला पर्जन्यमापक वाचायला
उद्या सकाळी आठला कुणीतरी जाईल,
रजेवर नसला तर.

"व्यायला झालेली तेवढी हलव," मी म्हणतो,
"बाकीच्या पहाटे बघू."
"एक नेली की धाजणी रात्रभर रेकत्यात, सर.
गल्ली झोपू देत न्हाई."
"मग सगळ्या ने."
तो गप्प.
मीही गप्प. स्क्रीनवर युरोपचा निळा रंग, अमेरिकेचा जांभळा.
"टेम्पोचे निम्मे मी देतो," मी म्हणालो.

"निम्मंच का, सर? समदं न्हाई?"
"तेवढीच खात्री आहे, बाबू."

तो हसला. फोन खिशात तसाच टाकला असावा,
कारण बराच वेळ ऐकू येत राहिलं
टेम्पोचं फळकं पाडल्याचं,
कुणीतरी कुणाला कंदील धर म्हणाल्याचं,
खूर पत्र्यावर चढताना घसरल्याचं.

दोनच्या सुमाराला खिडकीबाहेर पाणी कोसळायला लागलं.
धावत जाऊन बघितलं.
शेजारच्यांची टाकी भरून वाहत होती,
आणि मोटर बंद करायला कुणी उठत नव्हतं.