मूळचे कुठले

शाळेच्या अर्जात आडनावाचा रकाना होता.
अप्पा म्हणाले, आमच्यात नसतं.
वडिलांचं नाव लागतं, तेवढंच.
कारकून टेंबे चष्म्यावरून बघत राहिले.
असं कसं? गाव तरी असेल की.
अल्वाय, अप्पा म्हणाले.
टेंब्यांनी पेन झटकलं
आणि मी झाले अल्वाईकर.

तेव्हापासून लोक विचारतात,
मूळचे कुठले? कोकणातले का?
समुद्राकाठचे, अप्पा सांगायचे.
खोटं नव्हतं ते.

एक्क्याऐंशी साली शिकायला आले होते,
दोन सदरे, पत्र्याची ट्रंक.
त्र्याऐंशीच्या जुलैनंतर परतीचं तिकीट
ट्रंकेच्या तळाला, कागदाखाली गेलं.
आई रास्ता पेठेतली. तिच्या तमिळला
तीन पिढ्यांचं पुणं लागलेलं.
'सुम्मा कशाला बसलात?' विचारायची.
अप्पा हसायचे,
मग बराच वेळ खिडकीशी जायचे.

धाकटा भाऊ कुगदासन मागे राहिला,
'मुलां'त गेला. बंदूक घेतलेल्यांना
तिकडे मुलंच म्हणत.
त्याचं शेवटचं पत्र एका ओळीचं: अण्णा, ये.
अप्पांनी उलट टपाली परीक्षेची तारीख कळवली.
हे मला त्यांनी नाही सांगितलं.

सत्त्याऐंशीत आपली फौज तिकडे गेली.
'आपली' म्हणताना अप्पा किंचित थांबत.
खडकीला, चाकांच्या खुर्च्यांच्या इस्पितळात,
सुभेदार गुजाबा खोपडे होते, भोरकडचे.
अख्ख्या पुण्यात त्या एकाच माणसाला
अल्वाय नीट म्हणता यायचं.

पहिल्या भेटीत अप्पांनी विचारलं,
देवळामागच्या विहिरीला पाणी होतं?
होतं. गोडं.
आमची पाळत होती तिच्यावर.
पुढचं कुणीच विचारलं नाही.

मग दर गुरुवारी. उन्हाळ्यात ताडगोळे.
अप्पा अंगठ्यानं गर फोडायचे,
आतलं पाणी सांडू न देता पुढे करायचे.
तिकडे असंच देतात, म्हणायचे.
माहीत आहे, खोपडे म्हणाले एकदा,
एका म्हातारीनं दिले होते.
अप्पांचा अंगठा
तिथंच, सालीत.

टोरांटोहून राजमलर आत्याचा फोन आला,
रात्री साडेतीनला. मी नऊ वर्षांची,
पलंगाखाली चपला शोधत.
त्या विहिरीवरच पडला कुगन, ती ओरडत होती,
इतकी की रिसीव्हरबाहेर ऐकू येत होतं,
आणि तू त्यांना फळं सोलतोस!
पुढच्या गुरुवारी अप्पा खडकीला गेले.
पिशवीत ताडगोळे होते की नाही,
मी पाहिलं नाही.
आत्याचा फोन पुन्हा कधी आला नाही.
अप्पा गेले तेव्हाही.

परवा तिचा नातू आला. जनुषन.
हिंजवडीत तीन महिन्यांचं काम.
त्याच्या पासपोर्टावर आजोबांचं नाव
आडनाव होऊन गोठलेलं.
दारातच थांबला, पाटीवर बोट ठेवून.
देवनागरी येत नाही त्याला.
मी वाचून दाखवलं.
अल्वाय एवढंच कळलं त्याला,
आणि बूट काढता काढता
भिंतीला हात लावून तो तसाच राहिला.

फोटो पाठवला त्यानं आज्जीला.
तिकडे सकाळ असेल. उत्तर बोललेलं आलं.
अप्पांचाच आवाज, फक्त बाईचा,
आणि दम लागलेला.
मला अर्धंच कळलं. त्यानं सांगितलं,
विचारतेय, गावापुढे हे काय लावलंय शेवटी?

कर. काय सांगणार?
तिथला, असं म्हणाले असते,
पण गावात राहणारा कुठं लावतो ते?
गाव सोडलं की लागतं, मी म्हटलं.
शब्द शोधत शोधत
त्यानं ते तिच्या भाषेत नेलं.

तिकडून काहीच येईना.
आम्ही दोघं त्या फोनकडे बघत
उंबऱ्याच्या अलीकडे पलीकडे.
आतून आईची हाक आली,
सुम्मा उभे कशाला,
भात निवतोय.