गोडाचा दिवस

शिरोली एमआयडीसीत बंद पडलेल्या फौंड्रीच्या शेडात
त्यांनी स्वयंपाकघर उभं केलंय. सात ओटे, पुठ्ठ्याची खिडकी,
खिडकीत रंगवलेला रंकाळा.
मी मागच्या नळावर भांडी घासतो.
रोजाला सहाशे, जेवण त्यांचं.

आज गोड करायचं. आज एक जण घरी जाणार.
झाकण उचललं तर खाली गुळाची ढेप.
सगळ्यांनी 'ओह' केलं, मग परत एकदा 'ओह' केलं,
पहिल्या वेळी कॅमेरा पोचला नव्हता.

वडणग्याच्या शालन मगदूमनं दोन्ही वेळा केलं नाही.
ढेपेचा कोपरा नखानं उकरला, जिभेवर ठेवला,
माझ्याकडं बघून मान हलवली: मळी नीट काढलेली नाही.
बापाचं गुऱ्हाळ. काहिलीच्या काठानं वाढलेली बाई.

तिनं मांडली खपली गव्हाची खीर.
पलीकडं इचलकरंजीचा सोहेल, विशीतला पोरगा,
काचेच्या ग्लासात गुळाचं काहीतरी फेसाळ करत होता,
वर पुदिन्याचं एक पान, तेही तीनदा पडलं.

तोवर हेडफोनवाली आली, मुंबईची.
"ताई, काय करताय ते कॅमेऱ्यात बघून सांगा."
"आता मी दूध आटवतो."
"कट. 'आटवते' म्हणा."
"आटवतो."
"ताई, 'ते'. बाईमाणूस ना तुम्ही?"

बाईमाणूसच की.
माझी आई 'मी बाळंत झालो' म्हणायची,
पाच वेळा म्हणाली,
आणि पाचीच्या पाची आम्ही जिवंत आहोत.

घड्याळ थांबवलं होतं, भिंतीवरचं, लाल आकड्यांचं.
गॅस थांबवला नव्हता.
कुणीतरी म्हणालं, शॉटमध्ये वाफ दिसत नाही,
आणि एका पोरानं शालननं बारीक केलेला गॅस
मोठा केला.
मी बघितलं. हातात कढई होती.
बोललो नाही. सहाशे रुपये रोज.

चौथ्यांदा ती 'आटवते' म्हणाली, शाळेत धडा वाचल्यासारखं,
आणि वळली.
गूळ कधी घालायचा ते तिच्या हाताला ठाऊक,
पण हाताला वाटलं, आच बारीकच आहे.

दूध फाटताना आवाज होत नाही.
पातेल्यात नुसती बेटं उठतात, एकेक,
आणि मधलं पाणी हिरवट दिसायला लागतं.
ती ढवळत राहिली. कॅमेरा आता बरोबर पोचला.

परीक्षकानं चमचा तिरपा करून बघितला.
"टेक्स्चर," म्हणाला.
दुसरा म्हणाला, "चव आहे, पण,"
आणि 'पण'च्या पुढं काही नाही.
सोहेल वाचला म्हणून रडायला लागला.
तिनंच त्याला पदर दिला. तेही परत घेतलं, बाजूनं.

मग एप्रन काढायचा, घडी घालायची, दारातनं बाहेर.
"एक वाक्य, ताई. 'मी जाते.'"
शालन म्हणाली, "उंबऱ्यात 'जाते' म्हणतं व्हय कोण?
'येतो' म्हणत्यात."
"बरं, 'येते' म्हणा."
ती दारात थांबली, वळून काहीतरी म्हणाली.
दारापलीकडं प्लायवुड, वायरी, भांड्यांचा ढीग, मी.
पंख्याच्या घरघरीत मला ऐकू आलं नाही.

पातेलं माझ्याकडं आलं. बुडाला बोट फिरवलं.
गोड. रवाळ. जळक्याची एक रेघ.
घासायच्या आधी सगळं खाल्लं, उभ्यानंच.
गॅसचं तिला सांगावं म्हणून हात पुसत बाहेर आलो
तर हायवेला गाडी लागली होती.

तीन आठवड्यांनी टीव्हीवर लागलं.
सदर बाजारात माझ्या खोलीत शेजारच्या चौघी,
माझे हात कुठं दिसतात का बघायला जमलेल्या.
नाही दिसले.
दारातल्या वाक्यावर त्यांनी व्हायोलिन घातलंय.

'ते' म्हणताना ओठ फाकतात, हसल्यासारखे.
'तो' म्हणताना गोल होतात.
रात्री पोरीच्या मोबाइलवर आवाज बंद करून
तेवढंच परत परत लावलं.

गोल झालेत.