वीस पिशव्यांचा गुंडाळा

पालापाचोळा आता हिरव्या पिशवीतच द्यायचा,
विरघळणाऱ्या, मक्याच्या.
फाटकावर कागद चिकटवून गेले महापालिकेचे लोक,
खाली शिक्का, सही वाचता येत नाही.

आमचं आडनाव झाडे. अंगणात झाड एकच,
निंबाचं, तेही अर्धं किनखेड्यांकडे झुकलेलं.
होळीच्या आधीचे पंधरा दिवस
मी झाडते, मागे वळते,
आणि झाडलेलंच नसतं.

पूर्वी काडी लावायचे.
संध्याकाळी सगळ्या लेआउटभर निळा धूर
आणि आमच्या खोलीत यांचा खोकला.
पेटवण्याविरुद्ध पहिला अर्ज यांचाच,
वळणदार अक्षरात, तीन प्रती.
उत्तर आलं नाही.
मग हेही राहिले नाहीत.
नियम आला तो सातव्या वर्षी.

गाडी सव्वासातला येते, गाणं वाजवत.
शीलवंत उके वरून हात लांब करतो.
पहिल्या दिवशी मी युरियाच्या पोत्यात भरून दिलं.
"हे नाही चालत, मॅडम."
"काऊन? पानं तर तीच आहेत."
"पानं चालतात. पोतं नाही चालत."

आणला मग गुंडाळा, वीस पिशव्यांचा.
इतक्या पातळ की आतली पानं बाहेरून मोजावीत.
निंबाच्या काड्या टोचल्या की टर्रकन जातात,
दोन्ही हात खाली घालून उचलावं लागतं,
न्हाऊ घातलेलं मूल उचलावं तसं.
मी विचारलं, भांडेवाडीला नेऊन काय करता याचं?
"ढीग वेगळा आहे न याचा," तो म्हणाला,
"थंडीत पहाटे वाफ निघते त्यातून.
आम्ही हात शेकतो."

बारा संपल्या. आठ मी जपून ठेवल्या
गच्चीवरच्या टिनाच्या पेटीत,
सुतळीचे तुकडे, श्रीखंडाचे डबे, जुनी वीजबिलं यांच्यासोबत.
एका पिशवीत यांच्या अर्जाची कार्बन कॉपी घातली,
ओल लागू नये म्हणून.

मधे नागपूरचा एक मे महिना गेला.

परवा पेटी उघडली.
पिशव्यांना हात लावला तर भाजलेला पापड,
बोटांच्या मधून हिरवा चुरा.
पान नाही, माती नाही, कुणी आठवण दिली नाही,
तरी आपलं काम करून बसलेल्या.
अर्ज तेवढा शाबूत.
"मा. आयुक्त यांस", आणि खाली
धूर या शब्दाचा उकार ऱ्हस्व.
इतक्या वर्षांत माझ्या लक्षात आला नव्हता,
शुद्धलेखन तपासत पेन्शनीला आले तरी.

शीलवंतला मुठीतला चुरा दाखवला.
तो हसला. "या ठेवायच्या नसतात, मॅडम."
गाणं पुढच्या गल्लीत वळलं.

चुरा निंबाच्या आळ्यात टाकला.
किनखेड्यांकडून दोन पिशव्या उसन्या आणल्या.
अर्ज टेबलावर आहे, वजनाखाली,
उकार दीर्घ करावा की नाही
हे अजून ठरत नाही.