म्हणून बर्फ पडलेला नाही

फळ्यावर लिहिलं:
चौकोन जर आयत असेल, तर त्याचे कर्ण सारखे.
आणि उलट? विचारलं मी.
कर्ण सारखे, म्हणून आयत?

नाझेली म्हणाली, हो.
बाबा दाराची चौकट अशीच तपासतात,
सुतळी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, चिमटीत धरून.
या वर्गाची चौकटही त्यांनीच बसवली.

मी समद्विभुज समलंब चौकोन काढला,
वर अरुंद, खाली पसरट, लहान मुलीच्या झग्यासारखा,
दोन्ही कर्ण तंतोतंत.
बघ.
बराच वेळ बघत राहिली. मग:
पण बाबा समोरासमोरच्या बाजू आधी मोजतात.

खरं होतं.
पक्षातलं अर्धं मीच विसरले होते.
फळा पुसला. खडू चष्म्यावर बसला.

गृहपाठ: मनानं एक जर-तर विधान रचा.
त्याचा व्यत्यास लिहा.
शेवटी 'तर'कडून 'जर'कडे या,
दोन्हीकडे 'नाही' लावून.

बहुतेकांनी त्रिकोण गिरवले.
अर्ताशेसनं आत्याच्या मिशा काढल्या
आणि व्यत्यासाशी येऊन अडकला.
नाझेलीच्या वहीत, जांभळ्या शाईत:

जर ग्युम्रीत बर्फ पडला, तर बाबा ओम्स्कहून घरी येतील.
(असं ते मार्चमध्ये, बसच्या पायरीवरून म्हणाले.)
व्यत्यास: जर बाबा घरी आले, तर बर्फ पडला असेल.
हे खरं असेलच असं नाही. आजीच्या आजारपणात ते जूनमध्ये आले होते.
शेवटचं: जर बाबा आलेले नाहीत,
तर बर्फ पडलेला नाही.
बाबा आलेले नाहीत.
म्हणून

आणि पुढे, खाडाखोड न करता, ते वाक्य.

खिडकीच्या कठड्यापर्यंत पांढरं साचलंय.
तीन आठवडे झाले.
पहारेकरी सेरोब फावड्यानं वाट काढतो,
मागे वळतो तोवर वाट बुजलेली.

लाल पेन हातात.
पायरी चुकलेली नाही. कुठेच.
पूर्ण गुण देणं भाग आहे.

पुढचा धडा अप्रत्यक्ष सिद्धतेचा:
निष्कर्ष डोळ्यांदेखत खोटा ठरला,
आणि पायऱ्या सगळ्या बरोबर,
तर सुरुवातीला जे खरं धरलं होतं
त्याकडे परत जायचं.
तो मी सोमवारी घेणार होते.
सोमवारी उजळणी घेतली. गुरुवारीही.

आज वर्ग रिकामा झाल्यावर
मफलरनं चौकटीचे कर्ण मोजले.
सारखे.
मग आठवलं, म्हणून बाजूही.