डोक्यावरची रेघ

अकरावी सायन्स, ब वर्ग, रोल नंबर एकतीस.
इथे गृहपाठाला लेसन म्हणतात.
माझे मी करते, आणि आणखी चौघांचे,
त्यांच्या त्यांच्या अक्षरात.

हेलीचं अक्षर गोल, पाणीपुरीसारखं फुगलेलं.
झंखनाचं डावीकडे कललेलं, भिंतीला टेकल्यासारखं.
जैनिलचं म्हणजे औषध फवारल्यावर
पांगलेल्या मुंग्या.
क्रिशाला गुजराती ळ नीट येत नाही,
म्हणून तिच्या जर्नलमध्ये मीही तो चुकवते,
दर वेळी सारखाच.

सुरुवात बेडकाच्या हृदयापासून झाली.
‘केतकी, तारुं ड्रॉइंग तो मस्त छे!’
एक आकृती. मग दुसरी. मग आख्खं जर्नल.
मग मधल्या सुट्टीत बाकावर माझ्यासाठी
एक जागा राखली जाऊ लागली,
आधी नव्हती ती.
तिचं भाडं शाईत द्यायचं असतं
हे मला हळूहळू कळलं.

एकदा नाही म्हणून पाहिलं.
नाही म्हणजे, ‘बघते’ म्हणाले.
दुसऱ्या दिवशी माझ्या जागेवर दप्तर.
माणसाला सरक म्हणता येतं,
दप्तराला काय म्हणणार?
पाण्याच्या टाकीपाशी उभ्यानं डबा खाल्ला.
थालीपीठ गार झालं की
चावून चावून तोंडातच राहतं.
त्या रात्री दोन जर्नलं पुरी केली.

रात्री बाराला खालच्या
मिक्सर-दुरुस्तीवाल्याचं शटर पडतं,
पप्पा मकरपुऱ्याहून येतात.
माझ्या टेबलावर दिवा दिसला की
दारातूनच, कुजबुजत,
‘चालू दे, चालू दे तुझं,’
आणि चपला हातात घेऊन आत जातात,
आवाज नको म्हणून.
त्या हातातल्या चपला
मला नंतर झोपू देत नाहीत.

शाळेतून येताना विश्वामित्रीच्या पुलावर
सायकल टेकवते.
खाली चिखलात मगर, जबडा उघडा टाकून.
शेंगदाणेवाला म्हणतो, झोपलेली नसते ती.
मला माहीत आहे.
पण तिला कुणी विचारत नाही
सोमवारी सबमिशन आहे, तुझं झालं का?

सोमवारी चौलाबेननी हेलीच्या जर्नलवर सही केली.
झंखनाच्या. क्रिशाच्या. जैनिलच्याही,
‘सुधारो छे’ म्हणत.
मग माझं उघडलं आणि थांबल्या.
पहिली पानं गोल, मधली कललेली,
झुरळाच्या पचनसंस्थेपाशी मुंग्या,
शेवटी शेवटी तर कुणाचंच नाही.
‘कोनी पासे लखाव्युं?’
कुणाकडून लिहून घेतलंस?

वर्ग हसला नाही.
हसला असता तर बरं झालं असतं.
हेली खिडकीबाहेर बघत होती,
तिथे बघण्यासारखं काही नव्हतं,
एक बंद कूलर.
मी म्हणाले, सॉरी टीचर.
सगळं परत लिहायचं, शुक्रवारपर्यंत.

रात्री कोरं पान.
एक ओळ लिहिली, हेलीची झाली.
खोडली. दुसरी लिहिली, टेकली भिंतीला.
गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते,
ती सुटी सुटी उभी राहतात,
कुणीही यावं, आपल्यासारखी करून न्यावीत.

‘केतू, उद्याची यादी लिही गं.’
आई ओट्यापाशी, हात कणकेचे.
लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलं:
तूरडाळ. रिठे. गूळ पाव किलो.
आधी अक्षरं, मग वरून रेघ,
एका दमात, दोरीवर कपडे घालावेत तशी.
बघितलं तर त-ची शेपटी लांब.
चौथीत बाई ओरडायच्या तिच्यावरून.
अजून तशीच होती.
कुणी मागितलीच नव्हती ती.

फोन थरथरला. क्रिशा. ‘फिजिक्स???’
पालथा घातला.

‘आई, आणखी काय?’
‘बस, झालं.’
‘नाही, सांग ना.
आणखी काहीतरी सांग.’