ड्रायव्हर आला नाही

दुपारी लाईट गेली, आली ती जोरात आली,
आणि धंतोलीतल्या आमच्या पॅथॉलॉजीतलं
नऊ वर्षांचं नेटवर्क कार्ड
एकदाच चमकून विझलं.
डॉक्टर खोब्रागडे म्हणाले, नवीन टाका.
सीताबर्डीच्या गल्लीतून ओढणी डोक्याला गुंडाळून आणलं,
खोक्यावर निळी वीज छापलेली,
किंमत अकराशे,
खाली बारीक अक्षरांत : सर्व सिस्टिमवर चालते.

त्या सर्वांत आमची नव्हती.

आमची ती जुनी, युनिक्सच्या घराण्यातली,
काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं.
गोड बोलत नाही, खोटंही बोलत नाही.
सुरू होताना सगळ्यांची हजेरी घेते :
डिस्क, हजर. कीबोर्ड, हजर.
तिसऱ्या खाचेत कोणी बसलंय एवढं तिला दिसतं,
पण त्याला चालवणारं कोणी नाही
म्हणून ती त्याचं नाव लिहिते
नन झिरो.
कुणी-नाही, क्रमांक शून्य.

चौथीत सहलीला झिरो माइलच्या दगडापाशी
बाई म्हणाल्या होत्या, इथून सगळी अंतरं मोजतात.
मी विचारलं, मग इथून इथपर्यंत किती?
बाईंनी डबे उघडायला सांगितले.

खोक्यावरच्या नावाशी यंत्राला देणंघेणं नाही.
त्याला आकडे लागतात.
कंपनीचा : दहा-ईसी. जुन्याचाही हाच होता.
चिपचा : एक्क्याऐंशी पंचवीस. इथे गाडी अडली.
आडनाव तेच, पोरगं दुसरं,
ओळखीचा ड्रायव्हर दारापर्यंत येऊन मागे फिरला.
नवा ड्रायव्हर नेटवर आहे.
नेट नव्या ड्रायव्हरपाशी आहे.
विहिरीत उतरायची शिडी
विहिरीच्या तळाशी.

रात्रीचे साडेनऊ. कूलरमधलं पाणी संपलेलं, नुसती गरम हवा.
भिवापूरच्या एका मुलीचा सिकलसेलचा रिपोर्ट
या डब्यात तयार होऊन बसलाय
आणि तिचा मामा तिसऱ्यांदा फोन करतोय.
मी कार्ड काढलं, फुंकलं, पुन्हा खोचलं.
(फुंकून काही होत नाही. सगळेच फुंकतात.)

देवाजी उईके, रात्रपाळीचे, दारातून म्हणाले,
"काहून जी मॅडम, अजून घरी नाही?"
"ड्रायव्हर नाही ना, देवाजी."
"मंग सांगाचं ना! माहा साडभाऊ ऑटो चालवते,
अजनीले राह्यते, दहा मिनिटात येते."

मी हसले नाही. हसायला हवं होतं.
त्यांच्या हातातला फोन पाहिला,
काचेवर तडा, तड्यावर चिकटपट्टी.

वायर लावली. फोनसाठीचं एक मॉड्यूल आधीपासून होतं,
कुणी वापरलंच नव्हतं.
पाटीवर उमटलं : यूई झिरो.
हाही शून्यच, पण नावासकट.
"देवाजी, तुमचं नेट संपेल."
"संपू द्या. बारा वाजता नवीन येते."

पहिला ड्रायव्हर उतरवला, कर्नलने नाकारला :
दुसऱ्या आवृत्तीसाठी शिवलेला अंगरखा.
मग सोर्सच आणला आणि इथेच बांधायला घेतला.
ओळी वर सरकत राहिल्या,
देवाजी बादलीने कूलर भरत राहिले,
दोघांनाही दुसऱ्याचं काम नीटसं कळत नव्हतं.

अकरा दहाला कार्डाच्या पाठीवर
हिरवा ठिपका लागला.
मग शेजारचा पिवळा, लुकलुकत.
रिपोर्ट गेला. त्यात काय होतं ते मी वाचलं नाही,
ते माझं काम नाही,
मामाचा फोन मात्र पुन्हा आला नाही.

पुढच्या वेळी आपोआप लागावा म्हणून
फाईलमध्ये एक ओळ लिहिली.
तिच्या वर आणखी एक, जाळीच्या खुणेने सुरू होणारी,
जी यंत्र वाचत नाही :
देवाजींच्या फोनवरून आणला, दोन मे.

वायर काढली तेव्हा त्यांच्या पडद्यावर
गडचिरोलीहून पोरीचे चार मिस कॉल होते.
"आवाज बंद होता काय," ते म्हणाले,
आणि बारा वाजायची वाट पाहत
पायरीवर बसले.