दोन तुरीएवढं

खांद्याला यंत्र लावून डॉक्टरीणबाई विचारतात,
"केवळबाई, काही जाणवतंय?"
जाणवायलंय की.
उदगीरच्या डाळमिलची चाळणी आठवायली.
एकोणीस वर्षं तिच्या अंगाला अंग लावून
उभी होते, खडे वेचत.
रात्री घरी निजले
तरी दात हुळहुळायचे.

त्याच थरथरीनं आता
आखडलेला सांधा सुटणार म्हणे.
हसू आलं. हसताना दुखलं.

मग भिंत.
दोन बोटांनी चढायचं वर, मुंगळ्यासारखं,
श्वास न कोंडता.
कालची पेन्सिलीची रेघ
आज खाली राहिली,
दोन तुरीएवढी.
बाईंनी नवी ओढली, तारीख घातली.

खालच्या फळीवरचा मिठाचा डबा
आता माझा मी काढते.
अंबाडा अजून सूनच बांधते,
जरा जास्तच घट्ट.